तेराचा, आठचा, अडीच सुताचा

"मामा, तेराचा बोल्ट. दोन इंची. चार नग."

काउंटरमागचे मामा मागे वळून बघतही नाहीत. डावा हात वर जातो, चौथ्या फळीवरचा खोका पुढे ओढला जातो आणि चार बोल्ट काउंटरच्या पत्र्यावर खणखणत येऊन पडतात. खोक्यावर निळ्या मार्करने लिहिलंय, ८ × ५०. तेरा हा आकडा त्यावर कुठेच नाही. गॅरेजच्या मुलाला त्याचं काही वाटत नाही. ग्रीसने काळा झालेला अंगठा तो बोल्टाच्या डोक्यावरून फिरवतो, पैसे ठेवतो आणि चालूच ठेवलेल्या गाडीवर बसून निघून जातो.

चाकणमधलं हे हार्डवेअरचं दुकान. सकाळचे नऊ वाजत आलेत. साइटवर, गॅरेजला, शेतावर, वर्कशॉपला जाण्याआधी लागेल ते उचलायची सगळ्यांची हीच वेळ. दुकान दर्शनी अरुंद, आत मात्र खोल. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोके, खोक्यांवर मार्करचे आकडे. मी काउंटरच्या कडेला, रंगाच्या डब्यांशेजारी स्टुलावर बसलोय आणि कान देऊन ऐकतोय. चाकण म्हणजे एका बाजूला कांद्याचा जुना बाजार आणि खेड तालुक्यातली शेती, दुसऱ्या बाजूला मोटारींचे कारखाने. त्यामुळे या एका काउंटरवर यवतमाळचा गवंडी, बीडचा प्लंबर, राजस्थानचा सुतार, गोरखपूरचा वेल्डर आणि इथलाच विहीरवाला शेतकरी खांद्याला खांदा लावून उभे असतात. माल एकच मागतात. मागण्याचे शब्द मात्र प्रत्येकाचे वेगळे.

मुलाच्या मागे उभा असलेला फॅब्रिकेशनवाला पुढे सरकतो. "अडीच सुताचा बोल्ट हाय का? दोन इंचीच."

मामांचा हात पुन्हा वर जातो, पण त्या खोक्यापाशी अडतो. "नवं काम का जुनं?"

"जुनं. कडबाकुट्टी आलीय रिपेरला."

"नट आणलायस?"

खिशातून गंजकं, जड नट बाहेर येतं. मामा आधीच्याच खोक्यातला एक बोल्ट काढतात आणि नट त्यावर चढवून बघतात. एक फेरा, दुसरा फेरा. मग नट अडतं. मामा जोर लावत नाहीत. उलटं फिरवून काढतात, बोल्ट खोक्यात टाकतात, वाकून अगदी खालच्या फळीवरचा, धुळीने पांढरा झालेला खोका ओढतात. त्यावर लिहिलंय, ५/१६. त्यातल्या बोल्टावर तेच नट नुसत्या बोटाने टोकापर्यंत जातं.

हे दोन्ही बोल्ट हातात घेऊन बघण्यासारखे आहेत. डोळ्यांना काही फरक दिसत नाही. एकाची दांडी आठ मिलीमीटर, दुसऱ्याची पाच सोळांश इंच, म्हणजे ७.९४ मिलीमीटर. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, त्या हिशेबाने अडीच सूत. फरक आहे तो आट्यांत. इंची बोल्टाला इंचामागे अठरा आटे. ही मोजणी इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये घालून दिली, आणि ब्रिटिश यंत्रांबरोबर ती आपल्याकडे आली. मेट्रिक बोल्टाचा एक आटा दुसऱ्यापासून सव्वा मिलीमीटरवर असतो, म्हणजे इंचात वीसच्या थोडे वर आटे बसतात. आट्याचा कोनही एकाचा पंचावन्न अंशांचा, दुसऱ्याचा साठ अंशांचा. म्हणून चुकीचं नट सुरुवातीला गोड बोलून आत शिरतं आणि दोन फेऱ्यांनंतर अडून बसतं. तिथे पाना लावून जोर केला की आटे गेलेच. कडबाकुट्टीच्या चाकाला असा बोल्ट गेला तर तो धरल्यासारखा वाटतो, पण धरत नाही. त्या चाकाला पाती जोडलेली असतात आणि समोर चारा सारणाऱ्याचे हात असतात. मामांनी जोर का लावला नाही, ते यातून कळतं.

आणि तेराचा? आठ मिलीमीटरच्या बोल्टाचं षटकोनी डोकं समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये तेरा मिलीमीटर भरतं. त्याला तेराचा पाना लागतो. मेकॅनिक बोल्टाला त्या पान्याच्या नावाने ओळखतो. सहाचा बोल्ट त्याच्या तोंडी दहाचा, दहाचा बोल्ट सतराचा, बाराचा बोल्ट एकोणीसचा. इथेही गोम आहे. जपानी धाटणीच्या मोटारसायकलींना त्याच आठच्या बोल्टाचं डोकं लहान असतं, बारा मिलीमीटरचं. तेव्हा कुणी "बाराचा बोल्ट" मागितला की मामांचा प्रश्न ठरलेला असतो, "गाडी कुठली?" कारण कारखान्याच्या फिटरने बाराचा म्हटलं तर त्याला दांडी बारा मिलीमीटर हवी असते आणि गॅरेजवाल्याने म्हटलं तर डोकं.

इथे बसून ऐकताना माझं मत पक्कं होत चाललंय. वस्तूला ज्याचा हात जिथे लागतो, तिथलं नाव तो तिला देतो. मेकॅनिकचा पाना डोक्याला लागतो, म्हणून तेरा. फॅब्रिकेशनवाल्याला आधी भोक पाडावं लागतं, त्याच्या ड्रिलची बिटं जुन्या इंची मापाची, म्हणून अडीच सूत. दुकानदाराला कारखान्याकडून दांडीच्या जाडीवर माल येतो, म्हणून आठ. तिघंही बरोबर आहेत. याला आपण सरसकट अडाणीपणा किंवा गोंधळ म्हणून मोकळे होतो, ते मला पटत नाही. प्रत्येक नावात त्या धंद्याचं काम साठवलेलं असतं. ज्याला तिन्ही नावं येतात, त्याला तिन्ही कामं बऱ्यापैकी कळतात.

मामांना ती येतात, कारण ते पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत पोऱ्या म्हणून लागले होते. पुण्यात लोखंडी सामान, अवजारं, कुलपं, साखळ्या घ्यायच्या तर आजही पावलं तिकडेच वळतात. तिथले जुने व्यापारी दाऊदी बोहरा, मूळचे गुजरातचे, घरी बोलतात ती गुजराती वळणाची भाषा. स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस, बिजागरीला मिजागरुं, कोयंड्याला नकूचो, पहारीला कोश, हे सगळं मामा तिथे शिकले. मुंबईचा माल नागदेवी स्ट्रीटवरून यायचा, विजेचा लोहार चाळीतून, आणि त्या बिलांवरचे इंग्रजी शब्द आणखी वेगळे. "शेठ आधी वर्षभर खोकी लावायला ठेवायचे," मामा सांगतात. "गिऱ्हाइकानं कुठल्या बी भाषेत मागूदे, हात बरोबर खोक्यावर गेला पायजे. तेवढं जमलं की मग काउंटर."

गोरखपूरचा वेल्डर घाईत आहे. "चाचा, इसका ढिबरी दो. और वायसर."

ढिबरी म्हणजे नट. त्याच्या गावाकडे बोल्टाला काबला म्हणतात, तेही मामांना माहीत आहे. वायसर मात्र सगळ्यांचाच. मराठी असो, गुजराती असो, हिंदी असो, वॉशर म्हणणारं गिऱ्हाईक इथे सकाळपासून एकही आलेलं नाही. वेल्डर बोल्ट उजेडात धरतो. "इसका चूडी तो ठीक है ना?" मामा बोल्टावरून नख फिरवतात. "आटे बरे आहेत," ते मराठीतच सांगतात, आणि त्याला ते बरोबर कळतं. त्याची चूडी, आपले आटे. मग तो रेती मागतो. काउंटरवर या दुकानाच्या मालकाचा मुलगा आहे, कॉलेज संपवून नुकताच दुकानात बसायला लागलेला. तो म्हणतो, "रेती इधर नहीं मिलती, आगे ट्रकवाला है." मामा काही न बोलता भिंतीवरची चपटी कानस काढून वेल्डरपुढे ठेवतात. हिंदीत कानशीला रेती म्हणतात आणि वाळूलाही रेतीच. आरीचंही असंच. हिंदीवाल्याची आरी म्हणजे करवत, आणि आपल्याकडे चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्याच्या पेटीतली टोच्यासारखी आरी वेगळीच.

मुलगा चुकला, पण मन लावून शिकतोय. त्याने वहीत लगेच लिहून घेतलं.

मागच्या अंगणात सळईची थप्पी आहे. यवतमाळकडचा गवंडी तिकडून बोलत येतो. "चार सूत किती उरली भाऊ? अन् बांधायची तार दोन किलो द्या. सब्बल हाय का? जुनी वाकली."

"पहार दे रे यांना," मामा मुलाला सांगतात. सोलापूरच्या माणसाने पहारच मागितली असती, ती मुलाला कळली असती. विदर्भात सब्बल. घमेलं मात्र तिकडेही घमेलंच. उत्तरेकडचे मजूर त्याला तसला म्हणतात आणि गुजरातमध्ये तगारुं. ओळंब्याला कोकणातून आलेला एखादा गवंडी वळंबा म्हणतो. कुदळीसारखं दोन टोकांचं जे अवजार, त्याला आपण टिकाव म्हणतो, हिंदीवाले गैंती म्हणतात, गुजराती त्रिकम. आणि एकाच मुलखात दोन धंद्यांत एक शब्द वाटला गेलाय तो रंधा. सुताराचा रंधा लाकूड तासतो, त्याला पातं असतं. गवंड्याचा रंधा म्हणजे मुठीची सपाट फळी, ती ओल्या गिलाव्यावर फिरवतात. "रंधा द्या" म्हटल्यावर मामा गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघतात. सिमेंटने भेगाळलेले हात असले की लाकडी फळी काढतात.

सळईकडे पुन्हा येऊ, कारण तिथे नावामागे पैसा आणि इमारतीची ताकद दोन्ही आहेत. गवंडी ज्याला चार सूत म्हणतोय ती सळई आज बारा मिलीमीटरची असते. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर. नाव जुनं राहिलं, लोखंड बदललं. जाडीतला हा फरक किरकोळ दिसतो, पण सळईची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते, आणि त्या हिशेबाने खऱ्या चार सुताच्या सळईत बारा टक्के लोखंड जास्त असायला हवं. पाच सुताला सोळा मिलीमीटर जवळपास तंतोतंत जुळतं, अडीच सुताला आठ जुळतं. तीन सुताला दहा मिलीमीटर दिली तर उलट थोडं जास्तच मिळतं. सहा सुताला वीस दिली तरी तसंच. फटका बसतो तो चार सुतात, आणि घरबांधणीत ही सळई पुष्कळ लागते. आर्किटेक्टच्या नकाशावर बारा मिलीमीटर लिहिलेलं असतं तोवर काळजी नाही. कुणी जुन्या अंदाजाने "कॉलमला चार सूत टाका, सहा बार" असं सांगतो, तेव्हा त्याच्या डोक्यातली सळई आणि ट्रकमधून उतरलेली सळई वेगवेगळ्या असतात. मामा गवंड्याला विचारतात, "इंजिनिअरनं काय लिवलंय?" गवंडी मोबाइल काढून नकाशाचा फोटो दाखवतो. बारा. मामा मान हलवतात. वजनाचा हिशेब ते तोंडीच करतात. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, भागिले एकशे बासष्ट, मीटरला आठशे नव्वद ग्रॅमच्या आसपास. साइटवरचा कुठलाही सुपरवायझर हे सूत्र झोपेत सांगेल.

वजन-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला. मेट्रिक पद्धत १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधी इंच-फूट होते, आणि त्याही आधी चोवीस तसूंचा गज. गज-तसू गेले. इंच आणि सूत मात्र कायद्याला न जुमानता या काउंटरवर टिकून आहेत, कारण इथे माप हातांतून हातांत जातं. उस्ताद शागिर्दाला "तीन सूत सोड" म्हणतो, शागिर्द पुढे तेच म्हणतो. टेपवर दोन्ही कडांना दोन मापं छापलेली असतात. राजस्थानचा सुतार टेप ओढतो तेव्हा त्याची नजर कुठल्या कडेवर जाते ते मी मुद्दाम बघतो. इंचाच्या. लांबी तो "साडेतेवीस इंच आणि एक सूत" अशी सांगतो, आणि लगेच त्याच दमात प्लाय मागतो एकोणीस एमएमची.

एमएम हा शब्दही सगळ्यांचा एक नाही. वायरमन येतो आणि म्हणतो, "अडीच एमएमचं बंडल, लाल." सुताराच्या एमएमने मोजलं तर ती तार अडीच मिलीमीटर जाड हवी. प्रत्यक्षात आतलं तांबं त्याहून बारीक भरतं. वायरमन बोलतो ते चौरस मिलीमीटर, तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. चौरस हा शब्द बोलण्यात कधीच गळून पडला. त्याच्याबरोबर आलेले म्हातारे मिस्त्री तर अजून "तीन बावीस" आणि "सात वीस" म्हणतात. तीन बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा पिळून केलेली वायर, सात वीस म्हणजे वीस गेजच्या सात. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे नव्या मुलाच्या डोक्यात बसायला वेळ लागतो. "सात वीस द्या" ऐकून मामा चारचं बंडल काढतात. म्हाताऱ्या मिस्त्रींचा त्याला आक्षेप नाही. गीझरला कुठली वायर लागते आणि पंख्याला कुठली पुरते हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. शब्द जुना आहे, अंदाज चोख आहे.

मग वायरमन म्हणतो, "आणि गिट्टीचं एक पाकीट."

तारेची गुंडाळी घेऊन उभा असलेला यवतमाळचा गवंडी चमकून बघतो. त्याच्या मुलखात गिट्टी म्हणजे काँक्रीटमध्ये पडते ती, इकडे जिला खडी म्हणतात ती. ती पाकिटातून मिळत नाही. मामा प्लास्टिकच्या पांढऱ्या खुंट्यांचं पाकीट ठेवतात. भिंतीत भोक पाडून आधी ही खुंटी ठोकायची आणि मग तिच्यात स्क्रू फिरवायचा. इकडचे जुने लोक तिला रावल प्लग म्हणतात, एका ब्रिटिश कंपनीच्या नावावरून. गवंडी पाकीट उचलून बघतो, हसतो. "ही व्हय गिट्टी!" वायरमनही हसतो. दोघं पुढे बोलत राहतात, साइट कुठली, ठेकेदार कोण, रोज काय मिळतो.

कंपनीचं किंवा ब्रँडचं नाव वस्तूला चिकटण्याचे नमुने या फळ्यांवर भरपूर आहेत. फेविकॉल, एम-सील हे तर घरोघरचे. सहा कोनांच्या खळग्यात बसणारी ती वाकडी किल्ली, अ‍ॅलन की, तिचं नाव अमेरिकेतल्या कंपनीवरून आलं. इथे ती एलएन की झाली, आणि तिचा बोल्ट एलएन बोल्ट. किल्लीचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला हे नाव अगदी पटतं. बिलावरही तसंच लिहितात.

साडेनऊ. काउंटरवर आता तीन माणसं एकदम बोलतात, आणि तिघांनाही सॉकेट पाहिजे.

मामा मान वर न करता विचारतात, "पाण्याचं, लाइटीचं का पान्याचं?"

पाण्याचं सॉकेट म्हणजे दोन पाइप एकमेकांना जोडणारा तुकडा, ते बीडच्या प्लंबरला हवंय. लाइटीचं म्हणजे भिंतीवरच्या बोर्डात बसतं ते, पिन घुसवायचं. पान्याचं म्हणजे मेकॅनिकच्या पेटीतली नळीसारखी गोटी, दांडा लावून फिरवायची. उत्तरेकडचे तिला गोटीच म्हणतात आणि मला तो शब्द फार आवडतो, हातात घेतली की तशीच वाटते. तिघांना तीन वेगळ्या फळ्यांवरून तीन वस्तू मिळतात. प्लंबरचं एवढ्याने भागत नाही. त्याला एल्बो, टी, एफटीए, गेट वॉल असं बरंच लागतं. व्हॉल्व्हचा वॉल केव्हाच झाला, गावात पाणी सोडणाराही वॉलमनच. हे सगळं मुलगा भराभर काढतो, कारण यातलं बहुतेक खोक्यावर छापलेलं असतं.

खेडच्या बाजूचा शेतकरी बराच वेळ शांतपणे उभा आहे. पांढरी टोपी, पायात चिखलाळलेल्या वहाणा. त्याचा नंबर आल्यावर तो म्हणतो, "अडीच इंची फुटबॉल द्या. गळाय लागलाय. रोज सकाळी मोटरीत पाणी भराय लागतंय."

मुलगा मामांकडे बघतो. त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न आहे, पण तो बोलत नाही. मामा कोपऱ्यातल्या पोत्यातून जाळीचं तोंड असलेली, मुठीहून मोठी बिडाची वस्तू काढतात. फूट व्हॉल्व्ह. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या पायथ्याला हा बसतो. पाणी वर चढू देतो, खाली उतरू देत नाही. त्याची झडप झिजली की रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी मोटर नुसती हवा ओढत घरघरते. मामा झडप बोटाने वर ढकलतात, सोडतात. टक्‌. पुन्हा ढकलतात. शेतकरी स्वतः हातात घेऊन उजेडाकडे धरतो, झडप मिटल्यावर फटीतून उजेड येतो का ते बघतो. एक परत करतो. दुसऱ्यात उजेड दिसत नाही. तो घेतो.

"पाइप कुठला?" मामा विचारतात.

"अडीच इंचीच की."

त्या पाइपवर कंपनीने छापलेलं असतं ७५ मिलीमीटर. ते बाहेरून बाहेर माप. शेतकऱ्याचं अडीच इंच आलं जुन्या लोखंडी पाइपावरून, तिथे माप पोकळीचं धरत. लोखंडी अडीच इंची पाइप बाहेरून ७६ मिलीमीटरच्या आसपास भरायचा, म्हणून हे नाव पीव्हीसीला सहज चिकटलं. तसंच ६३ला दोन इंची, ९०ला तीन इंची, ११०ला चार इंची. पन्नास किलोमीटरच्या टापूत कुठल्याही विहिरीवर जा, हीच भाषा. ठिबकवाल्यांनी मात्र पहिल्यापासून मिलीमीटरच आणले. सोळाची नळी सोळाचीच म्हणून आली आणि तशीच राहिली. ज्या वस्तूला आधीची पिढी नव्हती, तिला आधीचं मापही नाही. फूट व्हॉल्व्हचं उलट होईल. पाणबुडी मोटरीला तो लागत नाही. जिथे विहिरीवरच्या मोटरी जाऊन बोअरमध्ये पाणबुडी उतरते, तिथे फूट व्हॉल्व्हबरोबर फुटबॉल हा मजेदार शब्दही जाईल.

याचीच मला खरी काळजी आहे. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झालं, त्याने अभियांत्रिकीचे परिभाषा कोश काढले. ते काम मोठं आहे. पण ते पाठ्यपुस्तकांच्या बाजूने, वरून खाली आलेलं. या काउंटरवर खालून वर आलेले शब्द आहेत. आटे, सूत, वायसर, किंकरं, सामता, चुका, पटाशी, अल्ड्रॉप. कुठल्या धंद्यात, कुठल्या मुलखात, नेमक्या कुठल्या वस्तूला काय म्हणतात, हे वस्तू समोर ठेवून टिपून घ्यायला हवं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वही, मोजपट्टी आणि मामांसारखी माणसं बोलती आहेत तोवरचा वेळ लागतो. सामता हे सुताराचं दोरीने फिरवायचं भोक पाडायचं यंत्र. विजेचं ड्रिल आलं आणि ते खुंटीवर टांगलं गेलं. या दुकानात ते मिळत नाही, आणि मुलाने त्याचं नाव ऐकलेलं नाही.

दहा वाजून गेले. गर्दी ओसरते. मुलगा काउंटरच्या टोकाला असलेला संगणक सुरू करतो. टॅलीत माल चढवायचं काम त्याने अंगावर घेतलंय. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याच्याबरोबर बिलावर एचएसएन कोडही आले. स्क्रू, बोल्ट, नट, वॉशर, लोखंडाचं-स्टीलचं असं सगळं ७३१८ या एका आकड्याखाली येतं. खिळे आणि चुका ७३१७. कर भरायला हे सोयीचं आहे. माल शोधायला त्याचा काही उपयोग नाही. सकाळपासूनच्या बोल्ट-नटांच्या सगळ्या भांडणाऱ्या नावांना तिथे एकच घर.

"मामा, बिजागरी काय नावानं टाकू? कंपनीच्या बिलावर बट हिंज आहे."

"त्याच नावानं टाक. अन् खाली बिजागरी."

राजस्थानचा सुतार अजून प्लायच्या गाडीची वाट बघत उभा आहे. तो म्हणतो, "कब्जा भी लिखो भाई. हम लोग कब्जा ही बोलते हैं."

मुलगा लिहितो. टॅलीत मालाच्या नावाखाली दुसरं नाव टाकायची सोय आहे, ती त्याला सापडलीय. कब्जा लिहून झाल्यावर मामा मिजागरुं सांगतात. ते चौथं नाव होतं. किचन ट्रॉलीच्या दाराची ऑटो हिंज वेगळी ठेवायची, ते सुतारच बजावतो. तिच्यात पुन्हा झिरो, आठ आणि सोळा क्रँक आहेत, पल्ला चौकटीवर किती चढतो त्यावरून. तीन वेगळे माल करायचे, एकात एक मिसळले तर पल्ला बसत नाही. मुलगा तीन ओळी करतो.

"दाराचं अल्ड्रॉप कसं लिहू? लोक हालड्रॉप म्हणतात, अलड्राप पण म्हणतात."

"खोक्यावर हाय ते आधी लिही. मग लोक म्हणतात ते सगळं," मामा म्हणतात. "अन् दहा इंची, बारा इंची वेगवेगळं टाक. दर बघून टाक, परवाच्या मालात वाढून आलाय."

मुलगा बिलाचा कागद शोधायला ड्रॉवर उघडतो. दारात एक बाई उभी राहते, हातात तुटलेली कडी. "दादा, ह्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण असलीच द्या." मामा कडी हातात घेतात, उलटी करून स्क्रूची भोकं मोजतात आणि विचारतात, "दार लाकडी का पत्र्याचं?"